पाऊस आवारातच जिरवायचा तर: माती, लेव्हल आणि सांडव्याचा हिशोब

इमारतीच्या कोपऱ्यात एक खड्डा खणायचा, त्यात डबर भरायचा, गच्चीचा पाइप त्यात सोडायचा आणि वर लोखंडी झाकण टाकायचं. पावसाचं पाणी जिरवण्याची सोय म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एवढंच येतं. असा खड्डा दोन पावसाळ्यांत तुंबला की दोष खड्ड्यावर जातो. पण माती तपासलेली नसते, पाणी किती येणार ते मोजलेलं नसतं, गाळ कुठे अडवायचा याचा विचार झालेला नसतो आणि खड्डा भरल्यावर पाणी कुठे जाणार हे कुणी विचारलेलं नसतं. आधी कळस मग पाया, तसा हा प्रकार. खड्डा हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे, म्हणून इथे पहिल्यापासून सुरुवात करू.

पाणी किती येणार

एक गोष्ट पाठ करून टाका. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. बाकी सगळा हिशोब यातूनच निघतो.

पडलेलं सगळं पाणी वाहत नाही. गच्ची, कौलं किंवा पत्रा यांवरचं ८० ते ९५ टक्के पाणी खाली येतं. काँक्रीटच्या आवारातलं ८० ते ९० टक्के वाहून जातं. दाट गवताच्या भुसभुशीत जमिनीवरचं १० ते ३० टक्केच वाहतं. मात्र तीच जमीन ट्रक आणि जेसीबीखाली दबली असेल, तर ती जवळपास काँक्रीटसारखीच वागते.

१५० चौरस मीटरची गच्ची धरू. तासाभरात ४० मिमी पाऊस झाला आणि ९० टक्के पाणी खाली आलं, तर १५० × ४० × ०.९ म्हणजे ५,४०० लिटर. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर करू.

४० मिमीच का, तर तो इथे उदाहरणासाठी घेतलेला आकडा आहे. तुमचा आकडा तुम्हाला काढावा लागेल. जवळच्या पर्जन्यमापकाच्या किमान दहा वर्षांच्या रोजच्या नोंदी घ्या, कोरडे दिवस वगळा आणि उरलेले दिवस चढत्या क्रमाने लावा. दर १०० पैकी ९० पावसाळी दिवस ज्या आकड्याच्या आत बसतात, तो आकडा जिरवण्यासाठी पुरेसा आहे. वर्षातल्या सर्वात मोठ्या पावसासाठी खड्डा बांधायला गेलात तर आवारात दुसरं काही मावणार नाही. मोठ्या पावसाचं काम सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या वाटेचं.

पाइप आणि खड्डा यांची मापं वेगवेगळ्या आकड्यांवर ठरतात, हे इथेच लक्षात घ्या. पाइपला पावसाचा जोर झेलायचा असतो, म्हणजे सर्वात जोरदार दहा-पंधरा मिनिटं. खड्ड्याला एकूण पाणी सामावून घ्यायचं असतं. एकच आकडा दोन्हीकडे वापरला की पाइप तरी लहान पडतात, नाहीतर खड्डा उगाच मोठा होतो.

मातीची चाचणी

या कामातली सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त टाळली जाणारी पायरी हीच. तिला एक पहार, एक बादली, एक पट्टी, एक घड्याळ आणि दोन दिवस लागतात.

शोषचराचा, म्हणजे पाणी जिरवण्यासाठी खडी भरलेल्या लांब चराचा, तळ जिथे येणार आहे, तितक्या खोलीपर्यंत खणा. वरच्या थरात चाचणी करून उपयोग नाही. वर पोयटा आणि खाली मुरूम, किंवा वर मुरूम आणि खाली चिकणमाती असू शकते, आणि पाणी मुरणार आहे ते खालच्या थरात. त्या तळाशी ३० × ३० × ३० सेंटिमीटरचा एक छोटा खड्डा करा. फावड्याने घासून त्याच्या बाजू चकचकीत होतात आणि मातीची छिद्रं लिंपली जातात. खिळ्याने किंवा काट्याने त्या बाजू खरवडून घ्या. तळाला पाच सेंटिमीटर बारीक खडी टाका, म्हणजे पाणी ओतताना माती उखडणार नाही.

आता खड्डा काठोकाठ भरा आणि रात्रभर राहू द्या. कोरडी माती पहिलं पाणी अधाशासारखं पिते. त्या वेगावर विसंबून खड्डा बांधला, तर भर पावसाळ्यात, माती आधीच भिजलेली असताना, तो निकामी ठरतो. दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी खडीच्या वर २० सेंटिमीटर ठेवा आणि अर्ध्या तासात ती किती उतरते ते मोजा. पुन्हा २० सेंटिमीटरपर्यंत भरा, पुन्हा मोजा. लागोपाठच्या दोन नोंदी जवळपास सारख्या येईपर्यंत हे चालू ठेवा आणि शेवटची नोंद धरा.

समजा अर्ध्या तासात ७२ मिमी पाणी उतरलं, म्हणजे तासाला १४४ मिमी. आकडा सुरेख दिसतो आणि नेमकी इथेच फसगत होते. छोट्या खड्ड्यात पाणी तळातून जातं तसं चारही बाजूंनीही जातं. तळ आहे ०.०९ चौरस मीटर. पाण्याची सरासरी उंची सुमारे १६.४ सेंटिमीटर धरली तर भिजलेल्या बाजू सुमारे ०.२० चौरस मीटर. एकूण ०.२९. तासाला सुमारे १३ लिटर पाणी एवढ्या पृष्ठभागातून जातंय, म्हणजे मातीचा खरा वेग तासाला सुमारे ४५ मिमी. पुढे गाळ साचून हा वेग कमी होणारच आहे, म्हणून त्याचा निम्मा धरायचा आणि थोडा खाली ओढायचा. हिशोबाला तासाला २० मिमी घ्या. १४४ वरून २० वर आलो. ही वजाबाकी न केलेले खड्डे कागदावर चार तासांत रिकामे होतात आणि प्रत्यक्षात पुढचा पाऊस आला तरी अर्धे भरलेले असतात.

निम्मा करण्याआधीचा खरा वेग तासाला १० मिमीच्या आत असेल, तर तिथे जिरवण्याच्या भरवशावर राहू नका. त्या मातीत पाणी साठवून हळूहळू सोडणं किंवा टाकीत भरून वापरणं हाच मार्ग. फुगणारी काळी माती तर दुहेरी त्रास देते. ती पाणी घेत नाही आणि भिजली की फुगून जवळची जोती, कुंपणभिंती उचलते. उलट टोकाला, ओतलेलं पाणी क्षणात नाहीसं होत असेल तर तेही शुभलक्षण नव्हे. खाली भेगा किंवा जाड वाळू आहे, म्हणजे घाण गाळली न जाता थेट भूजलात जाणार.

मोठ्या आवारात एकच चाचणी पुरत नाही. वीस-तीस पावलांवर माती बदललेली सापडते. किमान तीन ठिकाणी खणा आणि जिथे वेग चांगला मिळाला तिथे चर न्या. वास्तुविशारदाच्या नकाशावरच्या मोकळ्या कोपऱ्याची खोड ही की तो बहुधा मातीच्या दृष्टीने सर्वात वाईट कोपरा निघतो, कारण बांधकामाचा राडारोडा तिथेच पुरलेला असतो.

जागा ठरवताना

पायापासून ५ मीटर अंतर ठेवा. जागा फारच कमी असली तरी ३ मीटरच्या आत जाऊ नका, आणि तळघर असेल तर ५ मीटरही तज्ज्ञाला विचारूनच. सेप्टिक टँक आणि मैलापाण्याच्या शोषखड्ड्यापासून १५ मीटर तरी लांब. भरपावसाळ्यातली भूजलाची पातळी चराच्या तळापासून किमान दीड मीटर खाली हवी. उन्हाळ्यात खणून "पाणी लागलं नाही" म्हणणं निरर्थक आहे. आसपासच्या विहिरीतली पावसाळा संपतानाची पातळी बघा. उतारावरच्या प्लॉटमध्ये संरक्षक भिंतीच्या पाठीमागे पाणी कधीही जिरवू नका. भिंती पडतात त्या बहुधा पाठीमागे साचलेल्या पाण्याच्या दाबाने.

गच्ची ते जमीन

गच्चीचा उतार पाइपाच्या तोंडाकडे मीटरला किमान १ सेंटिमीटर. तोंडाशी साधारण ४५ × ४५ सेंटिमीटरचा भाग थोडा खोलगट ठेवा आणि त्यावर घुमटाकार जाळी बसवा. सपाट जाळीवर एक मोठं पान पडलं की तोंड बंद होतं. घुमट जाळीला खालून पानं अडली तरी वरून पाणी जात राहतं.

तासाला १०० मिमी जोराच्या पावसात १०० मिमीच्या एका पाइपाला साधारण ४० चौरस मीटर गच्ची झेपते. आपल्या १५० चौरस मीटरला म्हणून चार पाइप लागतील. दोनच पाइप देऊन भागवलं तर पाणी गच्चीवर चढतं आणि जिन्याच्या दाराशी आत शिरतं.

पहिल्या पावसाचं पाणी धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि काजळी घेऊन येतं. पाणी टाकीत किंवा विहिरीत जाणार असेल तर पहिला १ ते २ मिमी पाऊस बाजूला काढलाच पाहिजे. झाडांच्या वाफ्यात जाणार असेल तर गरज नाही, वाफा ते पचवतो. १५० चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १५० लिटर. आणि १०० मिमी गटातल्या पाइपाच्या एका मीटर लांबीत मावतं जेमतेम ८ ते ९ लिटर! पाइपाच्या टोकाला हातभर तुकडा आणि टोपी लावून "पहिलं पाणी वेगळं काढलंय" असं सांगणाऱ्या जोडण्या म्हणजे निव्वळ शोभा. चार पाइप आहेत, प्रत्येकावर ४० चौरस मीटर, म्हणजे प्रत्येकी ४० लिटर. १६० मिमीच्या पाइपात मीटरला सुमारे १८ लिटर मावतात, तेव्हा प्रत्येक पाइपाला १६० मिमीचा सव्वादोन मीटरचा उभा तुकडा द्या. आत तरंगता चेंडू असावा, तो तुकडा भरल्यावर तोंड बंद करतो. खालच्या टोपीला २ ते ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे पाऊस थांबल्यावर तो हळूहळू आपोआप रिकामा होईल. भोक नसेल तर पहिल्या सरीनंतर तो भरलेलाच राहतो आणि उरलेला पावसाळाभर काही काम करत नाही. टोपी चुन्या-सिमेंटने चिकटवू नका, आट्यांची बसवा. ती उघडून गाळ काढायचा असतो.

गाळाचं चेंबर

गच्चीचं पाणी चरात जाण्याआधी या चेंबरमध्ये थांबून गाळ खाली सोडतं. शोषचराच्या आयुष्याचा निर्णय इथे होतो. ०.९ × ०.९ मीटरचं चेंबर घ्या. बाहेर जाणारा पाइप तळापासून ६० सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे सुमारे ४८५ लिटर पाणी कायम आत राहील. तासाला ६० मिमी पावसात १५० चौरस मीटर गच्चीवरून सेकंदाला सव्वादोन लिटर पाणी येतं. ते या चेंबरमध्ये साडेतीन मिनिटांच्या आसपास थांबतं. एवढ्यात वाळू आणि रेव खाली बसते. चिकणमातीचे कण बसत नाहीत, ते पुढे जातातच. म्हणून उघड्या मातीच्या आवारातलं गढूळ पाणी या चेंबरमधून चरात सोडू नये, ते आधी गवतातून किंवा वाफ्यातून न्यावं.

आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप समोरासमोर ठेवू नका. समोरासमोर ठेवले तर पाणी चेंबर ओलांडून सरळ निघून जातं, थांबत नाही. बाहेरच्या पाइपाला आतल्या बाजूने खाली वळलेला बेंड लावा, म्हणजे तरंगणारी पानं आणि तेलकट तवंग मागे राहील. या चेंबरमध्ये पाणी साचून राहणार आहे, तेव्हा झाकण डासाला शिरता येणार नाही इतकं घट्ट हवं.

खड्डा की चर

५,४०० लिटर पाणी येणार आणि माती तासाला २० मिमीने ओढणार. दोन पर्याय तोलून बघू.

पहिला, २ × २ × १.५ मीटरचा पोकळ खड्डा, विटांच्या जाळीदार बांधकामाचा. पाणी १.३५ मीटर उंच भरेल. तळ गाळाने बंद होणार असं गृहीत धरून तो हिशोबात घ्यायचा नाही. पातळी खाली उतरत जाते, म्हणून बाजूही निम्म्याच धरायच्या. उरतात ५.४ चौरस मीटर. तासाला १०८ लिटर जिरतील आणि रिकामा व्हायला ५० तास लागतील.

दुसरा, १ मीटर रुंद, १.५ मीटर खोल, १०.३ मीटर लांब चर, ४० मिमीची एकसारखी खडी भरलेला. अशा खडीत ३५ टक्के पोकळी असते, त्यामुळे १५.४ घनमीटर चरात ५,४०० लिटर मावतात. बाजूंचा निम्मा पृष्ठभाग सुमारे १७ चौरस मीटर. तासाला ३४० लिटर जिरतात आणि चर १६ तासांत रिकामा होतो.

पाणी तेवढंच, माती तीच, आणि वेळ एक तृतीयांशाहूनही कमी. लांब आणि अरुंद आकाराला बाजू जास्त मिळतात, हे त्याचं कारण. २४ तासांत, फार तर ४८ तासांत रिकामं झालं पाहिजे हा नियम धरला तर खड्डा नापास होतो. चराला जागा आणि खडी जास्त लागते हे खरं, पण तो कुंपणाच्या कडेने, पायवाटेखालून, कसाही वाकवून नेता येतो.

चर बांधताना तळ सपाट हवा, उतार देऊ नये. उतार दिला की सगळं पाणी एका टोकाला साचतं आणि तेच टोक आधी तुंबतं. खणल्यावर बाजू पुन्हा खरवडा. बाजूंना आणि वर न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं) लावा, जोड ३० सेंटिमीटर एकमेकांवर चढवून. तळाला कापड नको, गाळ त्यावर बसून ते रबरी चादरीसारखं होतं. तळाला त्याऐवजी १० सेंटिमीटर जाड वाळू पुरते. खडी धुतलेली हवी. खाणीतून आलेल्या खडीला चिकटलेली भुकटी पहिल्याच पावसात खाली उतरते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने तळाला गिलावा केल्यासारखं होतं. खडी एकाच मापाची मागा. मिश्र मापाची घेतली तर लहान खडी मोठीच्या फटीत बसते आणि पोकळी निम्म्यावर येते.

खडीच्या वरच्या भागात, लांबीभर, १०० मिमीचा भोकं पाडलेला पाइप आडवा ठेवा. पाणी एका टोकाला न पडता सगळीकडे पसरेल. त्याच्या दोन्ही टोकांना उभा पाइप वर जमिनीपर्यंत आणून टोपी लावा. धुण्यासाठी तो लागतो, आणि पाऊस थांबल्यावर काठी घालून आत पाणी किती उरलंय ते बघण्यासाठीही.

खडीऐवजी तुटक्या विटा, फरशांचे तुकडे भरायचा मोह होतो. विटा ओल्या राहून झिजतात, त्यांचा भुगा होतो. टाळा.

बोअरमध्ये सोडायचं का

गच्चीचं पाणी, पहिलं पाणी वगळून, चेंबरमधून आणि वाळूच्या गाळणीतून काढून, स्वच्छ असेल तरच. रस्त्याचं, पार्किंगचं, बागेतलं पाणी कधीही नाही. चरातून जाणारं पाणी दीड-दोन मीटर मातीतून गाळून जातं. बोअरच्या केसिंगमधून (आत बसवलेल्या पाइपातून) सोडलेलं पाणी कुठेच गाळलं जात नाही, आणि भूजलात गेलेलं तेल किंवा कीटकनाशक परत काढता येत नाही. गाळणीत सर्वात खाली डबर, मध्ये ५ ते १० मिमीची खडी आणि सर्वात वर १ ते २ मिमीची जाड वाळू असा क्रम ठेवा. गाळ वरच्या वाळूवर बसतो आणि पाच सेंटिमीटर खरवडून काढता येतो. क्रम उलटा केला तर गाळ तळाशी जाऊन बसतो आणि अख्खी गाळणी उपसावी लागते.

पाणी झिरपणारी फरसबंदी

पेव्हर ब्लॉक लावले की पाणी झिरपतं, हा पक्का गैरसमज आहे. नेहमीच्या पद्धतीत ब्लॉकखाली दगडाची भुकटी घालून ती ठोकून बसवतात आणि फटीत सिमेंट-वाळू भरतात. त्यातून जवळपास काहीच जात नाही.

झिरपणाऱ्या फरसबंदीचे थर खालून वर असे: न दाबलेली, फक्त सपाट केलेली मूळ माती, त्यावर २०० ते ३०० मिमी जाड ४०-६० मिमीची खडी, मग १०० मिमी २० मिमीची खडी, मग ५० मिमी जाडीचा २ ते ६ मिमी ग्रिटचा (बारीक खडीचा) बिछाना, आणि वर ब्लॉक. पायी चालण्यापुरते असतील तर ६० मिमी, गाड्यांसाठी ८० मिमी. फटी रुंद हव्यात आणि त्यातही तेच बारीक ग्रिट, वाळू नाही. ३०० मिमी खडीच्या थरात १०५ मिमी पाऊस मावतो, त्यामुळे शेजारच्या छपराचं थोडं पाणीही घेता येतं. उतार ५ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर खडीच्या थरात मधेमधे आडवे बांध घाला, नाहीतर पाणी खालच्या टोकाला फरशीतून वर येतं.

कडेच्या मातीची पातळी फरशीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली ठेवा. बागेची माती वर राहिली की प्रत्येक सरीबरोबर ती फटीत उतरते.

खोलगट वाफा

एकच गोष्ट करायला जमणार असेल तर ही करा. खर्च सर्वात कमी, बिघडलं तर दिसतं, आणि दुरुस्त करायला फावडं पुरतं.

१०० चौरस मीटर पार्किंगला १० चौरस मीटरचा वाफा. फरशीपेक्षा खोल, आत १५ सेंटिमीटर पाणी साचेल इतका, म्हणजे १,५०० लिटर. त्याखाली ५० सेंटिमीटर मिश्रण भरा: निम्म्याहून थोडी जास्त जाड वाळू, साधारण चौथा हिस्सा पोयटा आणि उरलेलं कुजलेलं कंपोस्ट. या मिश्रणाची २० टक्के पोकळी धरली तर आणखी १,००० लिटर. एकूण अडीच हजार लिटर, म्हणजे ९० टक्के पाणी वाहतं असं धरलं तर पार्किंगवरचा सुमारे २८ मिमी पाऊस. शेणखत न कुजलेलं घालू नका, पहिल्या पावसात त्याचा रस खाली उतरतो.

पाणी आत येतं तिथे ३० ते ४५ सेंटिमीटर रुंदीची वाट ठेवा आणि वाफ्याची कड फरशीपेक्षा ५ सेंटिमीटर खाली घ्या. पाच सेंटिमीटरची ही पायरी नसेल तर दाराशीच पानं आणि गाळ साचून उंबरठा तयार होतो आणि पाणी वाफ्याला वळसा घालून निघून जातं. बहुतेक वाफे कोरडे राहतात ते याच कारणाने. आत पडणाऱ्या धारेखाली दगड पसरा.

झाडं निवडताना दोन दिवस पाण्यात उभी राहणारी आणि नंतर महिनाभर कोरडी तग धरणारी हवीत. खोल मुळांची गवतं सर्वात उत्तम, त्यांची मुळं माती मोकळी ठेवतात. वाफ्यात पाणी ४८ तासांपेक्षा जास्त थांबता कामा नये. उष्ण हवेत डासाची अंडी ते डास हा प्रवास सात ते दहा दिवसांत होतो, त्यामुळे दोन दिवसांत आटणारा वाफा डास वाढवत नाही. डास होतात ते झाकण वाकड्या झालेल्या चेंबरमध्ये.

सांडवा

धरणाला सांडवा लागतो तसा तीन मीटरच्या वाफ्यालाही लागतो. प्रत्येक चर, वाफा आणि टाकी यांच्याबद्दल विचारा: हे भरलं की पाणी कुठून, कुठे आणि कोणत्या पातळीवर बाहेर पडेल?

पातळ्यांची उतरंड अशी: सर्वात वर इमारतीचं जोतं, त्याखाली किमान ३० सेंटिमीटर आवाराची फरशी, त्याखाली ५ सेंटिमीटर वाफ्याची कड, आणि वाफ्याच्या तळापासून १५ सेंटिमीटर वर, पण फरशीच्या खाली, सांडव्याचं तोंड. सांडव्यापुढे पाण्याला रस्त्याकडे किंवा नाल्याकडे उघडी, न अडणारी वाट. पाइपावर विसंबू नका, पाइप तुंबतो. ही सगळी उतरंड लेव्हल पाइपाने, म्हणजे गवंड्याच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, स्वतः तपासा. नकाशावर ५ सेंटिमीटर दाखवलेली पायरी फरशी बसवताना चढत चढत कधी शून्य होते ते कळत नाही.

पावसाचं टोक कुठवर जाऊ शकतं ते चीनमधल्या झेंगझोऊने दाखवलं. २० जुलै २०२१ रोजी तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस पडला. इतक्या पावसाला कुठलाही चर पुरणार नाही. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर २०१२ साली जी योजना आखली गेली, तिचा भर यासाठीच वेगळा आहे: जादा पाणी नेमक्या कोणत्या रस्त्यांवरून वाहू द्यायचं आणि कोणत्या उद्यानांत तात्पुरतं साठू द्यायचं, हे आधीच ठरवणं. रॉटरडॅममधला २०१३ साली खुला झालेला बेंथेमप्लेन चौक एरवी खेळायची, बसायची जागा आहे. पावसात तिथे सुमारे १७ लाख लिटर पाणी थांबतं.

रस्ता आणि वसाहत

रस्त्याच्या कडेचे वाफे पाहा. जवळपास सगळे रस्त्यापेक्षा उंच असतात. पावसाचं पाणी त्यांना वळसा घालून गटारात जातं आणि उन्हाळ्यात त्याच झाडांना टँकरने पाणी घालतात. कर्ब, म्हणजे रस्त्याच्या कडेचा उंच दगड, तोडून वाफा खाली घेणं हा एकच बदल शहरभर केला तरी पुष्कळ साधेल.

६ मीटर रुंद, मधे उंच आणि दोन्ही कडांना उतार असलेल्या रस्त्याची एक बाजू १०० मीटरसाठी ३०० चौरस मीटर होते. ४० मिमी पावसात, ९० टक्के पाणी वाहिलं तर, १०,८०० लिटर. कडेला दीड मीटर रुंदीचे, फाटकं आणि खांब सोडून एकूण ६० मीटर लांबीचे खोलगट वाफे असतील तर १५ सेंटिमीटर खोलीत १३,५०० लिटर मावतात. म्हणजे तेवढा पाऊस गटारात जातच नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००३ पासून कर्ब कापून असे वाफे केलेले आहेत.

रस्ता उताराचा असेल तर हिशोब फसतो. २ टक्के उतारावर १० मीटरच्या वाफ्याची दोन टोकं २० सेंटिमीटर वरखाली होतात, त्यामुळे १५ सेंटिमीटर पाणी फक्त खालच्या टोकाला साचतं. दर ५ मीटरला आडवा दगडी बांध घाला आणि साठा निम्माच धरा. रस्त्याच्या कडेखालून जाणाऱ्या केबल आणि पाण्याच्या लाइनी आधी शोधा, त्यांच्यापासून किमान १ मीटर अंतर ठेवा.

झाडाच्या बुंध्याला लागून काँक्रीट करू नका. निदान १.५ × १.५ मीटर जागा उघडी राहू द्या.

कामाचा क्रम

आवारातली जिरवण्याची जागा काम सुरू व्हायच्या दिवशीच दोरी आणि पत्रे लावून बंद करा. त्यावर वाळूचा ढीग नको, मिक्सर नको, गाडी नको. एकदा दबलेली माती वरून उकरून पूर्ववत होत नाही. रंगकाम, फरशी घासणं, आवारातली माती बसवणं हे सगळं उरकल्यावरच गच्चीचे पाइप चराला जोडा. तोवर पाणी तात्पुरतं बाहेर सोडा. सिमेंटचं एकच गढूळ पाणी चराला कायमचं लिंपू शकतं. जोडल्यावर गच्चीवर टँकरने पाणी सोडून बघा: गळती, चेंबरची पातळी, सांडवा.

देखभाल

पावसाळ्याआधी गच्ची झाडा, जाळ्या काढून धुवा, चेंबरमधला गाळ उपसा, पहिल्या पाण्याच्या पाइपांच्या टोप्या उघडून भोकं मोकळी करा. पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर जाळ्या बघा. चेंबरमधला गाळ २० सेंटिमीटर झाला की काढाच, पुढच्या वर्षीची वाट पाहू नका. फरसबंदीच्या फटी वर्षातून दोनदा कोरड्या असताना झाडून घ्या आणि गेलेलं ग्रिट भरा. प्रेशरने धुतलात तर गाळ आणखी खाली ढकलला जातो, व्हॅक्यूमने ओढला तर बाहेर येतो.

वर्षातून एकदा मोठा पाऊस थांबल्यावर चराच्या उभ्या पाइपात काठी घाला आणि पाण्याची उंची भिंतीवर खडूने लिहा. २४ तासांनी पुन्हा मोजा. गेल्या वर्षी १६ तासांत रिकामा होणारा चर यंदा ३० तास घेत असेल, तर गाळ आत शिरलाय. भोकांच्या पाइपातून पाणी जोराने सोडून तो धुऊन काढा, आणि शिरला कुठून ते चेंबरच्या बेंडपासून उलटं शोधत जा. बहुधा बेंड निघून पडलेला असतो.